धाकटीचा फोन

नवा राउटर मी एकटीने बसवला! बाबा माणूस बोलवणार होते, पण घरात माझ्यासारखी हुशार मुलगी असताना माणूस कशाला?

"बरं, बसव," बाबा म्हणाले. "पण बाहेरचं कुणी आपल्या वायफायवर शिरलं, तर परीक्षा होईपर्यंत नेट बंद."

मी झोकात पासवर्ड टाकला, सगळ्यांचे फोन जोडले आणि राउटरच्या पानावर नावं पाहिली. आई. बाबा. मी, म्हणजे 'महाराणी'. आणि त्याखाली 'धाकटीचा फोन'.

आमच्याकडे धाकटी नाही. मी एकुलती एक.

"बाबा, माझी फिरकी घेताय ना?"

"मी कशाला घेऊ? माझा फोन तुझ्याच हातात आहे."

मग शेजारचे असणार. मी खिडकीतून डोकावले, तर त्यांच्या दाराला कुलूप.

बाबांना कळायच्या आत मी पासवर्ड बदलला. कुणाला सुचणारही नाही असा, आईलासुद्धा न सांगितलेला. सगळ्या फोनचं कनेक्शन तुटलं. नवा पासवर्ड घालून मी फक्त माझा फोन जोडला आणि हुश्श केलं.

पानावर दोन फोन होते.

'धाकटीचा फोन' परत आला होता. सिग्नल पूर्ण. राउटरला खेटून धरलेल्या माझ्या फोनइतकाच.

"झालं का गं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"झालंच!" मी ओरडले आणि माझं नाव शोधलं. 'महाराणी' कुठेच नव्हतं.

तिथे आता लिहिलं होतं, 'ताईचा फोन'.