घरमालकीण

"मी काय सुनेकडून भाडं घेऊ?" सासूबाई रुसल्याच. घर त्यांच्या नावावर. मी दरमहा त्यांच्या खात्यात भाडं भरलं आणि त्यांनी पावती दिली, तर माझा कर वाचणार होता. नवऱ्याने पुन्हा पुन्हा समजावल्यावर त्यांनी चष्मा लावून पावतीवरच्या रेव्हेन्यू तिकिटावर सही केली, आणि 'घरमालक' या शब्दापुढचं आपलं नाव बराच वेळ पाहत बसल्या.

लग्न झाल्यापासून त्या कपड्यांच्या घड्या घेऊन आमच्या खोलीत सरळ आत यायच्या. मी दचकायचे, पण बोलायचे नाही.

आज दारावर टकटक झाली. घड्या घेऊन त्या बाहेरच उभ्या होत्या.

"येऊ का आत?"

"विचारताय काय, आई? घर तुमचंच आहे."

"आहेच. पण ही खोली आता भाड्याने दिलीय."