गोधडीवरचं पीक

सोनाबाईंनी पेंढ्याची शेवटची पिशवी खुडून टोपली भरली आणि वळून बघितलं, तर पहिल्या पिशवीवर धिंगरी अळिंबीचे, म्हणजे मशरूमचे, पांढरे कान पुन्हा तळहाताएवढे झाले होते. पेंढा भिजवायच्या पाण्यात नवी रासायनिक भुकटी मिसळायला लागल्यापासून पीक घडीभर दम धरत नव्हतं, आणि नवरा-बायकोला धड झोप नव्हती.

"अहो, मी जरा पाठ टेकते."

"टेक की. पण गोधडीवरचं आधी खुडून घे," रंगनाथराव जांभई देत म्हणाले.

सोनाबाई चमकल्या. गोधडीवर, उशीवर, खाटेच्या लाकडी पायांवरसुद्धा धिंगरी ऐटीत डोलत होती.

"पेंढा भिजवायच्या पिंपात गोधडी कुणी धुतली?"

"मीच. उरलेलं पाणी वाया कशाला घालवायचं?"

भांडायलाही अंगात त्राण नव्हतं. सोनाबाई तशाच त्या पिकावर आडव्या झाल्या. कापसाहून मऊ लागलं.

"अगं ऊठ, तुझ्या सुती लुगड्यालाही फुटेल!"

"फुटू द्या," डोळे मिटूनच त्या पुटपुटल्या. "उद्या बाजाराच्या गाडीत मलाच घाला. शहर येईस्तोवर तेवढीच झोप होईल."