वाचून दाखव

बेल वाजली तेव्हा शैलेंद्र स्वप्नात होता. स्वप्नात कारखान्याचा भोंगा मोठ्या तलावाच्या पाण्याखालून वाजत होता आणि कामगार हातात डबे घेऊन पाण्यावरून सावकाश चालत कामाला निघाले होते. बेल पुन्हा वाजली. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला भर दुपारी उठवणं हे पाप आहे, असं शैलेंद्रचं ठाम मत होतं. काल त्याने ते गल्लीच्या ग्रुपवर लिहिलंही होतं, जरा जास्तच ठामपणे.

दारात सुमित्राकाकू उभ्या होत्या आणि त्यांचा हात धरून त्यांच्या शेजारचे भालचंद्रकाका. दोघांच्या मागे सोनागिरीची गल्ली उन्हात पांढरी पडली होती.

"काकू, अभी तो आँख लगी थी," शैलेंद्र म्हणाला. मग काकांकडे बघून आवाज खाली आणला. "मंजूषाताई तर आज कुलूप लावून गेल्या होत्या ना?"

"गेली ना. बापाला आत कोंडून, किल्ली माझ्याकडे देऊन, रडत ऑफिसला गेली. भालचंद्रभाऊ आतून दार ठोकत बसले. किती वेळ ऐकायचं रे?" काकू आत येऊन कूलरसमोर बसल्या. "तुझा कालचा मेसेज वाचून दाखव. चष्मा नाही आणला मी."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. पण ग्रुप काकूंचा, आणि ग्रुपवर कुणी वाकडं लिहिलं की काकू त्याच्या घरी जाऊन त्याच्याच तोंडून ते वाचून घेतात, हे गल्लीला ठाऊक होतं. लिहिताना माणूस वाघ असतो, वाचायला लावलं की त्याची शेळी होते. शैलेंद्रने आजवर दुसऱ्यांच्या फजितीला हसून घेतलं होतं.

काका खाटेच्या कडेला टेकले आणि शैलेंद्रकडे निरखून पाहू लागले. "वाच की, दत्तू. आम्ही पण ऐकतो."

दत्तू म्हणजे शैलेंद्रचे वडील. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या काळी पहिल्या पाळीसाठी सगळ्या गल्लीला काकाच उठवायचे, आणि दत्तूच्या दारावर त्यांना सगळ्यात जास्त थापा माराव्या लागायच्या. आता काका दुपारी घरोघरच्या बेल वाजवत फिरत, तेही त्याच कामासाठी.

शैलेंद्रने फोन काढला. 'मंजूषाताई, तुमच्या बाबांचा' एवढे शब्द त्याने गिळून टाकले आणि तिथून पुढे वाचलं.

"रोजचा तमाशा आता बस झाला. सांभाळवत नसतील तर खाटेला बांधून ठेवा. इथे माणसं राहतात."

"आणि शेवटी काय आहे?" काकूंनी विचारलं.

"हात जोडलेत."

"वा. संस्कार आहेत हो."

कूलर घरघरत राहिला. वाळ्याच्या ओल्या वासात खोली पाण्यात बुडाल्यासारखी वाटत होती, आणि आपण अजून झोपेतच असावं असं शैलेंद्रला फार वाटलं.

"कुणाला बांधायचंय, दत्तू?" काकांनी विचारलं.

"आहेत एक... वयस्कर गृहस्थ."

"चोरी केली?"

"नाही. दुपारी बेल वाजवतात."

"एवढंच?" काका विचारात पडले. "तहान लागत असेल त्याला. नाहीतर घर सापडत नसेल. दार उघडायचं, पाणी द्यायचं. बांधतात ते म्हशीला." मग ते पुढे वाकले आणि आवाज अगदी हळू करून म्हणाले, "त्याला सांगू नका हं हे कुणी. वाईट वाटेल बिचाऱ्याला."

शैलेंद्रला इतकी लाज वाटली की मान वर होईना. काकूंनीही पदराने डोळे टिपले, आणि वर ऊन लागलं म्हणाल्या.

"पुसून टाकतो मेसेज," तो म्हणाला.

"नुसतं पुसू नको. चारचौघांत बोललास, चारचौघांतच परत घे."

"पण मंजूषाताई तर कालच ग्रुप सोडून गेल्या."

"तिला तोंडाने सांग. हे बाकीच्यांसाठी."

शैलेंद्रने लिहिलं: 'मी काल भालचंद्रकाकांबद्दल फार वाईट बोललो. माझं चुकलं. त्यांना कोंडायची गरज नाही. दुपारी ते माझ्या घरी बसतील.' हात जोडण्याचं चित्र त्याने या वेळी टाकलं नाही.

काकू जायला उठल्या. काका उठले नाहीत.

"डोळे बघ कसे लाल झालेत तुझे. रात्रपाळी ना?" ते शैलेंद्रला म्हणाले. "झोप तू. मी आहे इथे."

"काका, तुम्ही..."

"झोप रे, दत्तू."

असं त्याला कितीतरी वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. तो आडवा झाला. दार उघडंच होतं. डोळे मिटले तसा भोंगा पुन्हा पाण्याखालून वाजू लागला, आणि तलावावरून चालणाऱ्या माणसांत आता त्याचे वडीलही होते, हातात डबा, कुठलीच घाई नसल्यासारखे.

मंजूषा ऑफिसातून परतली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. तिचं घर उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. ती तशीच बाहेर पळाली. समोर शैलेंद्रचं दार सताड उघडं दिसलं. कालपासून मनात साठलेलं सगळं एकदम तिच्या ओठांवर आलं.

"शैलेंद्रभैया!" ती आत शिरता शिरताच ओरडली.

लाइट गेली होती. कूलर बंद होता. शैलेंद्र खाटेवर गाढ झोपला होता, आणि बाबा त्याच्या उशाशी बसून घडी केलेल्या वर्तमानपत्राने त्याला वारा घालत होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, बाळ. माणूस झोपलाय."