उंबऱ्याबाहेरचं पाणी

यावोर पायरीवर कोसळला आणि त्याच्या उजव्या गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. दारात उभ्या असलेल्या आईच्या हातून तांब्याची लोटी सुटली. फाटकापाशी बाबांनी नुकतीच कुठे गाडी चालू केली होती. त्यांनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. दुपारी बारा वाजता प्लोवदिव शहरातल्या एका फुटबॉल क्लबात यावोरची निवड चाचणी होती. ती आता होणार नव्हती.

सतराव्या वर्षी त्याचा खेळ बघायला राजधानी सोफियाहून माणसं यायची. मग आधी घोटा गेला, नंतर मांडीचा स्नायू, नंतर गुडघा, आणि गुडघा सांधून होतो न होतो तोच पुन्हा गुडघा. दुखापती जणू त्याच्या पाचवीलाच पुजलेल्या होत्या. आता तो चोवीस वर्षांचा होता. दर वेळी प्लास्टर निघालं की बाबा, म्हणजे म्लादेन, एकच वाक्य बोलायचे, "आणखी एकदा, यावोर." पोराला दिवसा सराव देता यावा म्हणून त्यांनी लाकडाच्या कारखान्यात सात वर्षं रात्रपाळी केली होती. त्यांचा जीव त्या गुडघ्यात अडकला होता. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, आता याला काही झालं तर खेळ विसरा.

चूक आईची, म्हणजे स्तोयांकाची, यावर गावात दुमत नव्हतं. कुणी परीक्षेला, लष्करात किंवा लांबच्या कामाला निघालं की त्याच्या वाटेवर पाणी ओतायचं, म्हणजे काम पाण्यासारखं सरळ वाहत जातं. जाणाऱ्यानं त्या पाण्यावरून पाऊल टाकायचं आणि मागे वळून बघायचं नाही. आईनं रीत पाळली. लोटीत जिरॅनियमचं फूल घातलं आणि पायऱ्यांवर पाणी ओतलं. पण बाहेर उणे बारा अंश होतं आणि म्लादेनची जुनी लाडा गाडी नेमकी त्याच दिवशी हटून बसली. ती चालू व्हायला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात पायऱ्या गोठून गुळगुळीत झाल्या.

शेजारची त्स्वेता पावाच्या दुकानात सगळ्यांदेखत म्हणाली, "अगं, मे महिन्यात ओतायचं पाणी जानेवारीत ओततं का कुणी? निदान वर चुलीतली राख तरी भुरभुरायचीस." दुसऱ्या दिवसापासून स्तोयांका पाव आणायला गेली नाही. म्लादेन तिला एक शब्द बोलला नाही. तो आपली ताटली घेऊन गॅरेजमध्ये जेवायला बसू लागला. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

इस्पितळात पहिल्याच रात्री यावोर सलग आठ तास झोपला. नर्स म्हणाली, औषधाचा गुण. सहाव्या दिवशी आई घेवड्याचं सूप घेऊन आली. सहा दिवसांत ती निम्मी झाली होती. रडत रडत तिनं सांगितलं की, ती बहिणीकडे राहायला जाते आहे, कायमची.

"तुझ्या बाबांना माझं तोंड बघवत नाही. त्यांचं काय चुकलं? मीच मोडला ना तुझा पाय."

यावोरनं सूप बाजूला ठेवलं. आजवर कुणालाही न सांगितलेलं त्याला आता सांगावंच लागणार होतं, नाहीतर ही बाई झुरून मेली असती.

"आई, भिंतीच्या कडेला हातभर जागा कोरडी होती. बाबा इंजिनसाठी गरम पाणी न्यायला दोनदा तिथूनच वर-खाली झाले. मी बघितली होती ती."

"मग?"

"बर्फही बघितला होता. आणि मी बर्फावर पाय टाकला."

मग त्याला थांबता येईना. चार वर्षं तो प्रत्येक सरावाआधी संडासात जाऊन ओकत होता. चेंडू पायात आला की गोल दिसायचा नाही, फक्त तो तुटण्याचा आवाज कधी येईल याची वाट बघणं असायचं. बाबांना नाही म्हणायची छाती त्याला कधीच झाली नाही. त्या पहाटे बर्फ दिसला आणि त्याला इतकं सुटल्यासारखं वाटलं की तिथेच रडू येणार होतं.

सुपावर साय धरली. मग तिनं विचारलं, "बाबांना बोललास हे?"

"नाही. आज आले की सांगणार आहे. तुझ्यावर उगाच आळ..."

"सांगायचं नाही." आवाज हळू होता, पण लहानपणी त्याला विहिरीपासून मागे खेचताना असायचा तसा. "पाण्याला ते वर्षा-दोन वर्षांत माफ करतील. तुला नाही करायचे."

"आणि तू?"

"मला कुठे क्लबात निवडून यायचंय? चार बोल ऐकले तर ऐकले."

व्हरांड्यात बाबांच्या जड बुटांचा आवाज आला. आईनं डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला, चेहरा ओंजळीत घेतला आणि दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात हुंदके द्यायला लागली, "माझ्याच हातांनी केलं रे देवा, माझ्याच हातांनी." बोटांच्या फटींतून तिनं यावोरकडे बघितलं. सहा दिवसांत पहिल्यांदाच तिचे डोळे कोरडे होते.