साठीच्या वरचं माणूस

"घरात साठीच्या वरचं कुणी आहे का?" काळ्याभोर अंबाड्याच्या, ताठ चालीच्या कॉलेजातल्या बाईंनी दारातून विचारलं. त्या म्हाताऱ्या माणसांच्या हालअपेष्टांचा अभ्यास करत होत्या, आणि यादीत नाव लागेल त्याच्या डोळ्यांवर फुकट इलाज होणार होता. "गिरगावात एकेका मजल्यावर चार-चार जण भेटले. तुमच्या या काळाचौकीच्या चाळीत सकाळपासून एकही नाही!"

"आमच्याकडे आहे ना!" बाळाला कडेवर सावरत मी आईला हात धरून पुढे आणलं. मिलमधल्या धाग्यांनी तिचे डोळे अधू झालेत, कंबर वाकलीय, तोंडात दात उरले नाहीत.

बाई खुलल्या. "या आजी, बसा. जन्म कुठल्या सालचा?"

"साल कुनाला ठावं, बाई? मानमोडीची साथ आली, तवा मला जन्म देऊन आय गेली."

बाईंनी बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. इन्फ्लुएंझाची ती साथ एकोणीसशे अठराची, आणि आता अठ्ठावन्न साल. चाळीस.

"साठच लिहा ना हो," मी अजिजीनं म्हटलं. "दिसायचं बंद होत चाललंय तिला. बाळाचा चेहरा हातानं चाचपून बघते."

"अभ्यास खोटा पडेल गं," त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांनी कागद मिटला.



चपला घालताना त्यांनी आईकडे पुन्हा एकदा पाहिलं. "त्या साथीत मी दोन वर्षांची होते."