भावाची ऑर्डर

"महोदया म्हणायलाय बघा मला!" मल्लेश्वरीनं मोबाइल ज्वारीच्या पोत्यावर आपटला. "सख्ख्या बहिणीला महोदया!"

नेत्रावतीनं मोबाइल उचलला. ती थोरली जाऊ. खजुरीत दोघी मिळून कडक भाकरीचा धंदा चालवायच्या. भाकरी थापायच्या दोघींनी, मेल बघायचे नेत्रावतीनं. गिऱ्हाईक कसं लिहितं ते तिला पाठ होतं. कुणी नावच सांगत नाही, कुणी पत्ता विसरतो, कुणी नमस्काराच्या आधीच भांडायला उठतो. सकाळी आलेला हा मेल मात्र दृष्ट काढावी असा होता. वर विषय, मग नमस्कार, भाकऱ्या किती, पार्सल कुठं, सगळं नीट. शेवटी आभार आणि पूर्ण नाव.

"असं गिऱ्हाईक देवानं रोज द्यावं," ती म्हणाली.

गिऱ्हाईक म्हणजे दुबलगुंडीचा गुरुलिंग, मल्लेश्वरीचा धाकटा भाऊ. आई गेली त्याच आठवड्यात दोघांची जुंपली होती. आईचं शेवटचं आजारपण कुणी काढलं, एवढ्यावरून. भरल्या घरात ती त्याला म्हणाली होती, आजपासून तू मला परका, माझी पायरी चढू नकोस. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतं. पण या शहाण्यानं ते खरं केलं. पंचमीला तिला न्यायला आला नाही. फोन करायचा तर तिनंच त्याचा नंबर बंद करून टाकलेला. भाकरीच्या पाकिटावर छापलेला मेलचा पत्ता, एवढीच वाट उरली होती.

मल्लेश्वरीचा जीव थाऱ्यावर नव्हता. मांजरीनं पिल्लं हलवावीत तशी ती भाकऱ्यांच्या चळती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेत होती. चुलीवर तवा जळत होता, तिकडं लक्ष नाही. ऊन कललं तरी उत्तर गेलं नव्हतं.

"मी लिहिते," नेत्रावती म्हणाली. "आदरणीय गुरुलिंगजी, आपल्या ऑर्डरबद्दल धन्यवाद..."

"जी कशाला? त्याचा शेंबूड पुसलाय म्या!"

"मग न्हाई म्हणून कळवू?"

मल्लेश्वरीनं हातातली चळत खाली ठेवली. नाही म्हटलं तर उरलासुरला धागाही तुटणार. आणि हो म्हणून पार्सल धाडलं, तर तो गिऱ्हाईक आणि ती दुकानदार हे कायमचंच ठरून जाणार. तिला भाऊ हवा होता. डोळे भरून आले तसं तिनं मोबाइल हिसकावला आणि एका दमात लिहिलं, 'पार्सल मिळणार न्हाई. हात मोडलेत का तुझे? येऊन घेऊन जा.'

ना नमस्कार, ना आभार, ना खाली नाव.

"अगं, गिऱ्हाइकाला असं बोलत्यात व्हय?" नेत्रावती ओरडली. तोवर मेल गेलाही होता.

मल्लेश्वरी मटकन खाली बसली. काय करून बसलो आपण! पुन्हा तेच तोंड, पुन्हा तोच राग. आता हा जन्मात लिहायचा नाही.

तिनं पदर डोळ्यांना लावला, तोच मोबाइल वाजला. नेत्रावतीनं मोठ्यानं वाचलं.

'सकाळपासून खजुरी फाट्यावरच बसलोय, अक्का. कुत्रं बांध.'