रविवारचे धावपटू

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर शिंपीकाकांना चार पायऱ्या उतरणंही जड जात होतं, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांच्या भागातली काही मंडळी दर रविवारी पळत जाऊन एकट्या म्हाताऱ्यांची कामं करायची. व्यायामही होतो, पुण्यही लागतं! काकांनी लगेच नाव नोंदवलं. पण कितीतरी रविवार दाराकडे डोळे लावून बसले, तरी कुणी फिरकलं नाही. घरातला कचरा तसाच वास मारत पडला होता.

शेवटी, खालून पळत चाललेल्या त्या मंडळींना पाहून काका खिडकीतून ओरडलेच, "अरे, माझ्याकडे कधी येणार?"

जागच्या जागी उड्या मारत त्यांचा म्होरक्या म्हणाला,


"काका, तुमचं घर फारच जवळ पडतं हो. घामसुद्धा येत नाही!"